बोअरचं पाणी: टीडीएस (विरघळलेले एकूण पदार्थ) ११४०, बाकी रिपोर्ट 'मर्यादेत'. प्यावं का?

टँकरग्रस्त | शनिवार, सकाळी ११:१२

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या पूर्वेला आमची ४२ फ्लॅटची सोसायटी आहे. कॉर्पोरेशनचं पाणी दिवसाआड, तेही तासभर. बाकी सगळी भिस्त बोअर आणि टँकरवर. तिन्ही पाणी खालच्या एकाच टाकीत पडतं आणि तिथून मोटरने वर चढतं, त्यामुळे नळाला नेमकं काय येतंय ते देवालाच ठाऊक.

मागच्या रविवारी प्युरिफायर विकणारा एक मुलगा आला. पेनाएवढा मीटर पाण्यात बुडवून म्हणाला, "काका, टीडीएस बघा, नऊशेच्या वर!" मग दोन ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, एकात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ आणि वर फेस, अगदी गटार. त्याचा ग्लास जसाच्या तसा. सौ.ने ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी विकतचे जार सुरू झाले.

मी जरा हट्टाला पेटून बोअरचं पाणी एका खाजगी लॅबला दिलं. रिपोर्ट उतरवून देतो, पीएच आणि वाहकता सोडून सगळं मिग्रॅ प्रति लिटर:

पीएच ७.४
वाहकता १७५० मायक्रोसीमेन्स
टीडीएस ११४०
एकूण हार्डनेस ५६०
कॅल्शियम १२०, मॅग्नेशियम ६३
सोडियम १५०, पोटॅशियम ४
अल्कलिनिटी ३८०
क्लोराइड २१३, सल्फेट ८६
नायट्रेट १९
फ्लोराइड ०.६, लोह ०.१

खाली शेरा: टीडीएस व हार्डनेस जास्त, बाकी मर्यादेत.

आता सांगा, हे पाणी पिण्यालायक आहे का? आणि लॅबवाले हे आकडे काढतात तरी कसे? त्या कांड्यांच्या खेळात काही तथ्य होतं का?

---

सायली_ठाणे | शनिवार, ११:३८

कांड्यांचा खेळ आमच्याकडेही झाला होता. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मशीन घेतलं. त्यामुळे मी वाचनमात्र.

---

शंकासूर | शनिवार, दुपारी १२:०५

तो खेळ म्हणजे शुद्ध हातचलाखी. कांड्यांपैकी निदान एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि ग्लासात दिसतो तो त्या कांडीचाच गंज. पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं.

आमच्याकडे असाच एक आला, तेव्हा मी त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून म्हटलं, आता लाव प्लग. मिनिटभरात त्याचंही गटार झालं. बिचाऱ्याने चहासुद्धा घेतला नाही.

(घरी करून बघू नका. ओल्या हाताने थेट घरच्या विजेशी खेळ होतो तो.)

---

बुरेटवाली | शनिवार, दुपारी ३:२०

बावीस वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये काढली आहेत, तेव्हा थोडं लांबण लावते.

आधी तो पेनासारखा मीटर. तो टीडीएस मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरलेल्या आकड्याने गुणतो. तुमच्या रिपोर्टमध्ये १७५० ला ०.६५ ने गुणा, ११४० येतात. म्हणजे लॅबनेही बहुधा गुणाकारच केलाय. खरा टीडीएस काढायचा तर पाणी गाळायचं, बशीत घेऊन १८० अंशांना पूर्ण आटवायचं आणि मागे राहिलेला पांढरा थर तोलायचा. त्याला दिवस जातो, म्हणून कोणी करत नाही.

ग्लासभर आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा आणि मीटर बुडवा. आकडा जेमतेम हलेल, कारण साखरेचे आयन (वीज वाहून नेणारे भारित कण) होत नाहीत. जंतूंचं तेच, कीटकनाशकांचंही. मीटर फक्त क्षार ओळखतो, आणि त्यातला कुठला क्षार हेही त्याला कळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ११४० मध्ये चव मचूळ लागेल, पण या आकड्याने कोणी आजारी पडत नाही.

आता हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा कठीणपणा. माझं आवडतं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत ठरलेलं द्रावण थेंब थेंब टाकून मोजणं). ५० मिली पाणी शंकूच्या चंबूत घ्यायचं, अमोनियाचं बफर घालून पीएच १० ला न्यायचा (नाकात झणका बसतो) आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या इंडिकेटरची चिमूट टाकायची. पाणी कोकम सरबतासारखं जांभळट लाल होतं. मग बुरेटमधून (तोटी असलेली मापाची नळी) ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडत चंबू हलवत राहायचं. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियमला एकेक करून कवेत घेतं. शेवटचा मॅग्नेशियमचा कण इंडिकेटरच्या हातून सुटला की लालसर झाक जाते आणि स्वच्छ शाईचा निळा रंग येतो. मधला जांभळा दिसला की नवीन मुलं हमखास तिथेच थांबतात. थांबायचं नाही, पण शेवटचे थेंब सावकाश टाकायचे. ईडीटीएचा प्रत्येक मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या ५० मिलीला २८ मिली लागले असणार: २८ गुणिले १०००, भागिले ५०, बरोबर ५६०.

मर्यादा २००, नाइलाज असेल तर ६००. गीझर, नळाच्या जाळ्या आणि केस यांना त्रास. पोटाला नाही.

बाकीचं रात्री. पाहुणे आलेत.

---

सायली_ठाणे | शनिवार, ३:४१

म्हणून डाळ शिजत नाही का?

---

बुरेटवाली | शनिवार, ३:४४

म्हणूनच. कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. तूरडाळ शिजेना, साबणाला फेस येईना, ही हार्डनेसची सगळ्यात जुनी परीक्षा. १८४० च्या दशकात ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्कने पाण्याला फेस यायला साबणाचं द्रावण किती लागतं हे मोजूनच हार्डनेस ठरवायची पद्धत काढली होती. ईडीटीएचं टायट्रेशन फार नंतरचं, १९४० च्या दशकातलं. ते झुरिकच्या श्वार्झेनबाखचं काम.

---

श्टुटगार्टचा_श्री | शनिवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर: इथे डिशवॉशर घेतला की आधी त्यात पाण्याची हार्डनेस भरावी लागते, पण जर्मन अंशांत. एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिग्रॅ. तुमचे ५६० म्हणजे ३१ अंशांच्या वर. इथे १४ च्या वर गेलं की पाणी 'कठीण' म्हणतात. तुमच्या पाण्याने आमचा डिशवॉशर आठवड्यात राजीनामा देईल.

---

पांढरकवडा_लाइन | शनिवार, संध्याकाळी ७:३०

ताई, तुमच्या हार्डनेसच्या उलटी गोष्ट आमच्या यवतमाळची सांगतो. आमच्याकडे बऱ्याच गावातल्या हातपंपाचं पाणी चवीला चांगलं, डाळ शिजते, साबणाला फेस येतो. म्हातारे सांगत, काय गोड पाणी आहे बापा. अन् पोरांच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे. फ्लोराइड. मोठ्या माणसांचे गुडघे अन् पाठ आखडते ते वेगळंच.

मी शाळेत शिकवतो. किटने मुलांकडून तपासणी करून घेतो. झिरकोनियमचं रसायन असते, पाण्यात टाकलं की गुलाबी. फ्लोराइड जितकं जास्त तितका गुलाबी उडून पिवळ्याकडे जाते. मुलांना हे उलटं वाटते, "सर, रंग कमी आला म्हणजे पाणी चांगलं ना?" दरवर्षी हाच प्रश्न.

---

बुरेटवाली | शनिवार, रात्री १०:०५

सर, फार महत्त्वाचं लिहिलंत. फ्लोराइडला कॅल्शियम भेटलं की ते कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसू पाहतं. म्हणजे पाण्यात कॅल्शियम कमी असेल तिथे फ्लोराइड मोकळं फिरतं. म्हणून 'मऊ, गोड' पाण्यावर माझा आंधळा विश्वास नाही. लॅबमध्ये आम्हीही तेच करतो, फक्त स्पॅड्न्स नावाचा लाल रंग वापरतो आणि उडालेला रंग डोळ्यांऐवजी कलरीमीटरवर ५७० नॅनोमीटरला मोजतो. पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर गडबड होते, तेव्हा इलेक्ट्रोड. मर्यादा १, जास्तीत जास्त १.५. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत आणायचा, काचेच्या नाही. आणि तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली, हे तुमच्या मुलांना जरूर सांगा.

आता राहिलेलं. क्लोराइडला मोहरची पद्धत, १८५६ सालची, अजून धडधाकट आहे. पाण्यात पोटॅशियम क्रोमेट टाकून ते पिवळं करायचं आणि वरून सिल्व्हर नायट्रेट. चांदी आधी सगळ्या क्लोराइडशी लग्न लावते, दही फाटल्यासारखा पांढरा साका होतो. क्लोराइड संपलं की चांदी क्रोमेटकडे वळते आणि पिवळ्यात विटकरी छटा येते. तिथे थांबायचं. सिल्व्हर नायट्रेट बोटावर सांडलं तर कळतही नाही. दुसऱ्या दिवशी काळे डाग दिसतात आणि आठवडाभर जात नाहीत. माझ्या साखरपुड्याच्या फोटोत माझी तर्जनी काळी आहे.

अल्कलिनिटीला (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट) सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि मिथिल ऑरेंज. सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर. सल्फेटला बेरियम घालून येणारा गढूळपणा मोजतात. लोहाला फिनॅन्थ्रोलिन, केशरी रंग येतो. शिसं, आर्सेनिक यांना मोठी यंत्रं लागतात आणि ती तपासणी वेगळी सांगावी लागते, वेगळे पैसे पडतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ती नाहीच.

टँकरग्रस्त, एक विचारू? रिपोर्टचा कागद समोर असेल तर नायट्रेटच्या ओळीत युनिट नेमकं काय छापलंय ते बघून सांगा. अक्षर न अक्षर.

---

दर्यापूरकर | शनिवार, रात्री १०:४०

क्लोराइडचा विषय निघालाच आहे तर, आम्ही खारपाणपट्ट्यातले. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला भाग. इथे बोअरचं पाणी ५० मिली घेतलं तर सिल्व्हर नायट्रेटची अख्खी बुरेट रिकामी होऊनही रंग बदलत नाही. चांदी महाग, म्हणून ५ मिली पाणी घेऊन ते डिस्टिल्डने ५० करायचं आणि उत्तराला दहाने गुणायचं. फक्त चूकही दहाने गुणली जाते, हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो.

---

टँकरग्रस्त | रविवार, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार. ताई, कागद फाईलमध्ये आहे आणि फाईल सेक्रेटरींकडे. संध्याकाळी बघतो. पण नायट्रेट तर १९ आहे ना? मर्यादा ४५ असं त्याच ओळीत पुढे छापलेलं आठवतंय.

---

बुरेटवाली | रविवार, सकाळी ९:००

तोवर माझी शंका मांडते.

पाण्याचा रिपोर्ट म्हणजे जमाखर्चाची वही. पाण्यात धन आयन जितके, तितकेच ऋण आयन असायला हवेत, नाहीतर तुमच्या टाकीला हात लावला की शॉक बसला असता. मिग्रॅला त्या त्या आयनच्या समतुल्य भाराने (अणुभार किंवा रेणुभार भागिले विद्युतभार) भागायचं आणि दोन्ही बाजूंची बेरीज करायची.

जमा: कॅल्शियम १२० भागिले २० = ६.०. मॅग्नेशियम ६३ भागिले १२.१५ = ५.२. सोडियम १५० भागिले २३ = ६.५. पोटॅशियम ०.१. एकूण १७.८.

खर्च: अल्कलिनिटी ३८० भागिले ५० = ७.६. क्लोराइड २१३ भागिले ३५.५ = ६.०. सल्फेट ८६ भागिले ४८ = १.८. नायट्रेट १९ भागिले ६२ = ०.३. एकूण १५.७.

वही जुळत नाही. फरक २.१, दोन्ही बाजूंच्या बेरजेच्या सहा टक्क्यांच्या वर. अशा पाण्याला पाच टक्क्यांपर्यंत माफी असते. दुसरा ताळा वाहकतेचा: १७५० भागिले १०० म्हणजे १७.५, हा आकडा दोन्ही बेरजांच्या आसपास हवा. जमेच्या बाजूला तो लागतो, खर्चाच्या बाजूला नाही. म्हणजे कुठलातरी ऋण आयन कमी मांडलाय.

आणि ऋण आयनांत कागदावर दोन वेषांत वावरणारा एकच आहे.

---

शंकासूर | रविवार, सकाळी ९:४०

ताई, दंडवत, पण सहा टक्क्यांवरून एवढं? फ्लेम फोटोमीटरवर सोडियम दहा टक्के इकडेतिकडे सहज जातं. दीडशेऐवजी खरं १३५ असेल तर फरक पाच टक्क्यांच्या आत येतो. किंवा नमुना दोन दिवस पडून अल्कलिनिटी घसरली असेल. नायट्रेटलाच का धरायचं?

---

बुरेटवाली | रविवार, सकाळी ९:५५

बरोबर, सोडियमची चूक असू शकते. पण अल्कलिनिटी पडून घसरली असती तर चुना खाली बसून, आणि मग कॅल्शियमही तेवढंच घसरलं असतं. ताळा तसाच राहिला असता.

ताळ्यावरून मी नायट्रेट सिद्ध करत नाहीये. ताळा एवढंच सांगतो की कागद परत बघा. बघायला एक मिनिट लागतं, म्हणून आधी नायट्रेट.

---

जलसुरक्षक_मुपो | रविवार, दुपारी १:३०

मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. तुमचं बेरीज-वजाबाकीचं समजलं नाही, पण आमची रोजची टेस्ट सांगतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की तासाभराने गावातल्या शेवटच्या नळाला जायचं. पहिल्या नळाला कोणीपण पास होतो. नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. लिटरला ०.२ मिग्रॅ तरी क्लोरीन शिल्लक पाहिजे. रंग नाही आला तर पावडर जुनी झाली, नाहीतर लाइन कुठेतरी फुटली.

पहिल्यांदा घरी सांगितलं, ओटीची टेस्ट करून आलो, तर आजी म्हणे, कोणाची ओटी भरली रे?

वर्षातून दोनदा पाण्याच्या जागेचा सर्व्हे होतो आणि पंचायतीला कार्ड मिळतं, लाल, पिवळं किंवा हिरवं. आमचं दोन वर्षं पिवळं होतं, विहिरीशेजारच्या उकिरड्यामुळे. उकिरडा हलवायला रसायनापेक्षा भांडण जास्त लागलं.

---

बुरेटवाली | रविवार, दुपारी २:१०

शेवटच्या नळाचं सांगितलंत, मन भरून आलं. शहरातले प्लंबर हे करत नाहीत.

एकच सांगते. ओटीचा रंग थेंब टाकल्याबरोबर बघा. लगेच दिसतो तो मोकळ्या क्लोरीनचा. नळी ठेवून दिली तर रंग गडद होत जातो, त्यात अमोनियाशी जोडलेलं कमी कामाचं क्लोरीनही मोजलं जातं आणि आपण उगाच खूश होतो. शिवाय ऑर्थोटोलिडीन अंगाला चांगलं नाही, कर्करोगाचा संशय आहे त्याच्यावर. बोटाने नळी बंद करून हलवू नका, झाकण वापरा. आता बऱ्याच ठिकाणी ओटीऐवजी डीपीडी हे रसायन आलंय, त्याचा रंग गुलाबी येतो. मिळालं तर तेच घ्या.

---

टँकरग्रस्त | रविवार, रात्री ९:२५

ताई, कागद आणला. चष्मा लावून, मग मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं.

'नायट्रेट' च्या पुढे एक बारीक चांदणी आहे. पानाच्या तळाला, सहीच्याही खाली, चांदणी आणि 'एन म्हणून व्यक्त'. पुढच्या रकान्यात मर्यादा ४५.

याचा अर्थ काय?

---

बुरेटवाली | रविवार, रात्री ९:३२

अर्थ असा की १९ हे नायट्रेट नाही, नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन आहे. नायट्रोजन १४, त्याला तीन ऑक्सिजन जोडले की ६२. म्हणून ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३ ने गुणा. तुमचं नायट्रेट ८४ आहे. मर्यादा ४५, आणि या मर्यादेला 'दुसरा स्रोत नसेल तर' ही सवलतही नाही.

४५ हा आकडासुद्धा 'नायट्रोजन म्हणून १०' याचंच भाषांतर. अमेरिकेत १० लिहितात, आपण ४५. या लॅबने मोजलं एका मापात आणि मर्यादा छापली दुसऱ्या मापातली.

ताळाही बघून घ्या: १९ ला १४ ने भागा, १.४ येतात. खर्चाची बाजू १६.८. फरक तीन टक्क्यांवर. जुळली वही.

---

शंकासूर | रविवार, रात्री ९:३८

शब्द मागे घेतो. _/\_

---

सायली_ठाणे | रविवार, रात्री ९:४५

बाप रे. मग उकळून प्यायचं ना आता?

---

बुरेटवाली | रविवार, रात्री ९:५०

नको! उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जागेवरच राहतं. पाण्याची वाफ होते तेवढं ते घट्टच होतं. तुरटीनेही जात नाही, कोळशाच्या फिल्टरनेही नाही.

मोठ्या माणसांनी घाबरायचं कारण नाही. जपायचं ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशेषतः पावडरचं दूध पाण्यात कालवून देत असाल तर. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. बाळ निळसर पडतं. सोसायटीत असं बाळ असेल तर आज रात्रीच सांगा, सकाळची वाट बघू नका. गर्भवती असतील तर त्यांनाही हे पाणी नको.

आणि कबूल करायला हवं, आरओने नायट्रेट बऱ्यापैकी निघतं. त्या मुलाचं मशीन कामाचं ठरलं असतं, फक्त त्याने दाखवलेल्या कारणासाठी नाही.

---

टँकरग्रस्त | रविवार, रात्री ११:०५

बी विंगमध्ये चार महिन्यांचं बाळ आहे. आत्ताच जाऊन आलो. पावडरचं दूध नाही, आईचंच. तरी त्यांनी कॉर्पोरेशनचं पाणी वेगळं भरून ठेवायचं ठरवलंय.

हे येतं कुठून पण? आमच्याकडे शेती नाही, खत नाही.

---

पांढरकवडा_लाइन | सोमवार, सकाळी ६:५०

खत नसेल तर संडास. बोअरच्या जवळ सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजचं चेंबर आहे का बघा. तेवढंच राहते.

---

बुरेटवाली | सोमवार, सकाळी ८:२०

सरांशी सहमत. आणि मैला झिरपत असेल तर नायट्रेटबरोबर जंतूही आले. जंतूंची तपासणी केलीच नाहीये तुम्ही, रसायनाच्या रिपोर्टमध्ये ती येत नाही. त्यासाठी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच मागून घ्या. आतून विसळायची नाही, त्यात थायोसल्फेट घातलेलं असतं, क्लोरीन मारायला. रसायनाची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायची. बोअर आधी दहा मिनिटं चालवा, नाहीतर तुम्ही पाइपातलं शिळं पाणी तपासाल. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि दोन जागचे नमुने घ्या, बोअरच्या तोंडाचा आणि टाकीचा.

घाई असेल तर एच-टू-एसची कुपी मिळते. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर मैल्याचा संशय पक्का.

आणि या वेळी लॅबला लेखी द्या: नायट्रेट 'नायट्रेट म्हणून' हवं.

---

टँकरग्रस्त | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:४०

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा राहिला.

दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आला. नायट्रेट बोअरला ८१, टाकीत ४७. कुपी मी स्वतः भरली आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला गेलेल्या सौ.ने हाक मारली. कुपी डांबरासारखी काळी. लॅबच्या रिपोर्टमध्येही बोअरच्या पाण्यात ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) आहे, जे मुळात असायलाच नको.

पांढरकवड्याच्या सरांचं म्हणणं खरं निघालं. बोअरपासून जेमतेम वीस फुटांवर ड्रेनेजचं जुनं चेंबर आहे. झाकण उघडलं तर शेजारच्या उंबराची मुळं भिंत फोडून आत, आणि तळाची फरशी गायब. पाणी जायला हवं तेवढं पुढे जातच नव्हतं, आणि आम्ही वर्षभर खूश होतो की आपलं ड्रेनेज कधी तुंबत नाही.

सध्या बोअर टाकीपासून तोडलाय. ते पाणी फक्त फ्लश आणि बागेला, त्या नळांना लाल रंग मारला. कॉर्पोरेशनच्या पाण्याला छोटी वेगळी टाकी बसवली. सभेत त्यावरून दोन तास भांडण झालं, पण झालं. चेंबर नवीन बांधायला घेतलंय. सौ.चे जार चालूच आहेत. त्यांचाही नमुना नेऊन देईन म्हणतोय, पण घरात अजून बोललो नाही.

बुरेटवाली ताई, कधी पुण्यात आलात तर घरी या. डाळ शिजते आता.

---

बुरेटवाली | शनिवार, संध्याकाळी ५:१५

येईन. जारचा नमुना नेलात तर जंतूंची तपासणी आधी करा, टीडीएस नंतर.

---

जलसुरक्षक_मुपो | शनिवार, रात्री ८:००

साहेब, नमुना घेतला त्याच्या आधी पाऊस झाला होता का?

---

टँकरग्रस्त | शनिवार, रात्री ८:२०

दोन दिवस आधी चांगला झोडपला होता.

---

जलसुरक्षक_मुपो | शनिवार, रात्री ८:२६

मग चेंबर झाल्यावर एक आणि मे महिन्यात एक, असे परत दोन काढा. आमच्या विहिरीला पावसानंतर एक रिपोर्ट येतो आणि उन्हाळ्यात दुसराच.